धपाट्यावरचा पापुद्रा

आमच्या प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात एक फोटो लावलेला आहे. पांढऱ्या कोटातला मी, शेजारी हिरवं लुगडं नेसलेली एक म्हातारी आणि तिच्या हातात अर्धं खाल्लेलं धपाटं. खाली लिहिलंय, 'खाद्य वेष्टनाची चव घेताना'. पाहुणे आले की हमखास विचारतात, "या आजी कोण?" मी सांगतो, "माझी मोठीमाय." त्यांना कौतुक वाटतं, ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि पुढं जातात. मी मात्र त्या भिंतीकडं न बघता आत शिरायला शिकलोय.

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. आमचं गाव मुखेडकडचं. घरात चुली दोन, अंगण एक. मी पाच-सहा वर्षांचा असताना मला तापानं असं धरलं, की नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी वडिलांना बाजूला नेऊन 'तयारी ठेवा' असं सांगितलं. आई तिथंच भिंतीला टेकून खाली बसली ती उठलीच नाही. तिनं देवीला साडीचोळीचा नवस बोलला. मी उठलो, साडीचोळी झाली, त्याच वर्षी नवस फिटला. मोठीमायनं मात्र माहूरच्या देवीचं नाव घेऊन लसूण सोडला. पोरगं उठू दे, ते जितं आहे तोवर लसूण तोंडात घालणार नाही, असं ती बोलली. हा नवस फिटणारा नव्हता.

आता लसूण सोडला म्हणजे काय ते मराठवाड्याबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडं ठेचा लसणाचा, शेंगाची चटणी लसणाची, धपाट्यात लसूण, वरणाच्या फोडणीत लसूण. त्यात मोठीमायला लसूण म्हणजे जीव की प्राण. चुलीच्या आरात अख्खा गड्डा भाजायचा, सालं काढून मिठासोबत भाकरीवर चुरायचा, ही तिची न्याहारी, असं आई सांगते. मी ते कधी पाहिलं नाही. मला आठवतं तेव्हापासून आमच्या घरात पिठाचे दोन उंडे असायचे. आधी बिनलसणाचा थापला जायचा, कोऱ्या तव्यावर, तिच्यापुरता. मग आमचा. तिचा पाटा-वरवंटाही वेगळा. एकदा मी लसणाच्या चटणीचा चमचा तिच्या वाटीत बुडवला. ती रागावली नाही. वाटी वासरापुढं ठेवली आणि स्वतः कांदा फोडून भाकरी खाल्ली.

हे सगळं मी पुण्यवान माणसासारखं सांगतोय, पण खरं सांगायचं तर मला या लसणाचा वैताग होता. लग्नकार्यात कुणीही उठावं आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणावं, "हे पोरगं म्हंजी मोठीमायच्या लसणावर जगलेलं." मी दहावीला चांगले मार्क घेतले, ते लसणामुळं. लातूरला शिकायला गेलो, लसणामुळं. नोकरी लागली तेव्हाही एका मामानं तेच म्हटलं. मी शिकलेला माणूस. मला माहीत होतं की ताप औषधानं उतरतो. एकदा मी तिला तसं म्हणालोही, "मोठीमाय, आता खा की. देवी काय हिशेब ठेवत नाही." ती हसली. म्हणाली, "देवी न्हाई ठेवत बाबा, मी ठेवते." मी तोंड वाकडं करून बाहेर गेलो.

लातूरच्या एका कॉलेजात मी अन्नतंत्र शिकवतो. चार वर्षांपासून माझ्या डोक्यात एकच खूळ आहे, ते म्हणजे खाता येणारं वेष्टन. ज्वारी भिजवून, वाटून, तिचं सत्त्व काढायचं. पाण्यात शिजवून त्याची पारदर्शक खळ करायची. लवचीकपणासाठी त्यात थोडं ग्लिसरीन आणि बुरशी-जंतू रोखण्यासाठी एखाद्या वनस्पतीचा अर्क घालायचा. हे काचेवर पातळ पसरून वाळवलं की कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक फिल्म सुटून येते. ती पदार्थावर गुंडाळायची आणि पदार्थासकट खायची. कचऱ्याला काही उरत नाही. पहिल्यांदा मी हे गावाकडं सांगितलं तेव्हा मोठीमायला चटकन कळलं. "म्हंजी कुरडयाचा चीक ताटावर वाळवल्यावानी," ती म्हणाली. आमच्या विभागप्रमुखांना समजायला यापेक्षा जास्त वेळ लागला होता. विद्यार्थी मला पाठीमागं 'कागद खाणारे सर' म्हणायचे.

प्रयोगासाठी पदार्थ कोणता घ्यायचा यावर मी बराच डोकं खाजवत होतो. मला असं काहीतरी हवं होतं जे प्रवासात नेतात, जे ओलसर असतं आणि लवकर बुरसतं. धपाटी सुचली. पण बाजारातल्या सगळ्या धपाट्यांत लसूण, आणि लसूण हा स्वतःच जंतू मारणारा. मग धपाटं टिकलं तर ते फिल्ममुळं की आतल्या लसणामुळं, कसं सांगणार? मला बिनलसणाची धपाटी पाहिजे होती. अख्ख्या मराठवाड्यात ती रोज कुठं होतात हे मला ठाऊक होतं.

मोठीमायला इतका आनंद झालेला मी क्वचित पाहिला. "मह्या हातचं कालेजात?" असं तिनं तीनदा विचारलं. दर पंधरा दिवसांनी ती दोन डझन धपाटी करायची, स्टीलच्या डब्यात भरायची आणि मी रविवारी जाऊन तो डबा एसटीनं लातूरला आणायचो. ज्वारी, थोडं बेसन, तीळ, ओवा, हिरवी मिरची, कोथिंबीर. सगळी एका मापाची, एका जाडीची. यंत्रानंही तशी झाली नसती. तिनं माझ्यासाठी सोडलेल्या गोष्टीचाच मी असा उपयोग करून घेत होतो, आणि तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटत होतं.

पहिल्या फिल्ममध्ये मी लवंगेचं तेल घातलं. चौथ्या दिवशी धपाट्यावर हिरवे ठिपके. मग ओव्याचं तेल. ते जरा बरं, पण जास्त घातलं की तोंड बधिर व्हायचं. कडुनिंब घातला तेव्हा एका विद्यार्थ्यानं घास घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं, की मी ती काच तिथंच धुऊन टाकली. शेवटी लसणाचा अर्क घातला. आठवा दिवस आला तरी ठिपका नाही. वास येत होता, पण लिंबाची साल आणि थोडा ओवा घालून तो मी बराचसा मारला. पाहुण्यांच्या जिभेला लागणार नाही इतका.

आणि मग चव-चाचणीचा दिवस ठरला. प्राचार्य येणार होते, विभागप्रमुख होते, आणि लातूरचे एक डाळमिलवाले शेठ, ज्यांनी जमलं तर फिल्मचं यंत्र बसवू असं म्हटलं होतं. कुणाच्या तरी डोक्यात आलं, की धपाटी करणाऱ्या आजींनाच बोलावू, पहिला घास त्यांच्या हातून. टाळ्या पडल्या. मीही हसून मान डोलावली. त्या क्षणी मला लसूण आठवला का? आठवला. विसरलो होतो असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. मी मनाशी म्हणालो, ओव्याची फिल्म तिच्यासाठी वेगळी करून ठेवू. आणि मग दोन दिवस खुर्च्या, फलक, शेठजींचा फोन यात गेले, वेगळी फिल्म काही झाली नाही.

ती आदल्या दिवशी आली. हिरवं लुगडं नवं होतं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत शिरताना तिनं चपला बाहेर काढल्या, मी नको म्हणालो तरी. चव घेणाऱ्या प्रत्येकानं एक फॉर्म भरायचा असतो. तिला स्वतःचं नाव लिहिता येतं, एकेक अक्षर जुळवत; बाकीचं मी भरत होतो. वय. गाव. पुढचा प्रश्न होता, 'कोणता पदार्थ वर्ज्य आहे का? असल्यास लिहा.' माझं पेन थांबलं. शेजारी शेठजी घड्याळाकडं बघत होते. मी लिहिलं, 'नाही'. तिनं खाली सही केली. शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं म्हणून तिला वाईट वाटलं.

घास हातात घेतल्यावर तिनं विचारलं, "ह्या कागदात काय काय घातलास रं?"

"सगळं झाडपाल्याचंच हाय, मोठीमाय," मी बोटांवर मोजत म्हणालो. "ज्वारी, लिंबू, ओवा. खा, तुला चालतंय."

तीन बोटं मिटली आणि चौथं तसंच ठेवून हात खिशात घातला. मी का असं केलं हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. घाई होती, शेठजी होते, हे खरंच आहे. पण त्याच्याखाली आणखी एक होतं, आणि ते सांगायची लाज वाटते. चार थेंबांनी काय होतंय, असं मला वाटलं. खाऊ दे एकदा. तिला कळणार नाही आणि माझ्या मानेवरचं ते लसणाचं ओझं उतरेल. म्हणजे निष्काळजीपणा नव्हता तो. मला तिचा नवस मोडायचाच होता, फक्त तिच्या नकळत.

तिनं चावलं. एक क्षण तिचा जबडा थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग प्राचार्यांकडं, मग कॅमेरा घेतलेल्या मुलाकडं, आणि गिळलं. तोच तो फोटो.

"काय काकू, कसं वाटलं?" प्राचार्यांनी विचारलं.

"धपाटं मह्याच हातचं हाय," ती म्हणाली, "चांगलंच लागणार की."

सगळे खळखळून हसले. शेठजींनी तर दोन घेतली. हातात उरलेला अर्धा तुकडा तिनं पदराच्या टोकाला गुंडाळला आणि हळूच विचारलं, "नळ कुठं हाय?" ती बाहेर जाऊन बराच वेळ चुळा भरत होती, ते मला खिडकीतून दिसत होतं. म्हाताऱ्या माणसांना खाल्ल्यावर तोंड धुवायची सवय असते, असं मी स्वतःला समजावलं. आत आली तर सगळ्यांना चहा आला होता. मोठीमाय म्हणजे चहाची पक्की. दिवसातून पाच वेळा, बशीत ओतून, भरपूर साखरेचा. तिनं कप हातानं बाजूला सारला. कॅन्टीनचा चहा तिला आवडला नसणार, असं मी समजलो. तेव्हा असा समजूतदार होतो मी.

पुढं सगळं माझ्या मनासारखं झालं. फिल्मचं कौतुक झालं, मी दोन ठिकाणी जाऊन भाषणं ठोकून आलो, व्हरांड्यात फोटो लागला. दिवाळीला गावी गेलो. मोठीमायनं सगळ्यांना चहा केला आणि स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन बसली. "पित्त होतंय," ती म्हणाली. मी फार जबाबदार पुतण्यासारखा पुढच्या खेपेला लातूरहून पित्ताचं चूर्ण नेलं. तिनं ते भिंतीतल्या देवळीत ठेवलं. संक्रांतीला गेलो तर बाटली तशीच, सीलसुद्धा फोडलेलं नाही. "घे की गं," मी करवादलो. "आणून द्यायचं आणि तू घ्यायचं न्हाई." ती म्हणाली, "घेते."

खरं तर मी असाच गप्प बसलो असतो. माझ्या अंगात तेवढा निबरपणा आहे. पण उन्हाळ्याच्या सुट्टीआधी माझी एक विद्यार्थिनी जुने फॉर्म संगणकावर चढवत होती. हातात एक कागद घेऊन ती माझ्या टेबलापाशी आली. "सर, बाकी सगळे फॉर्म ज्याच्या त्याच्या अक्षरात आहेत. हा एकच तुमच्या अक्षरात आहे."

"त्यांना लिहिता येत नाही," मी म्हणालो.

"तसं नाही सर. वर्ज्यच्या रकान्यात 'नाही' आहे. पण तुम्हीच वर्गात सांगितलं होतं ना, की या काकू लसूण खात नाहीत, म्हणून आपण त्यांची धपाटी घेतली. मग या 'नाही'चं काय करू?"

पोरगी सरळ मनानं विचारत होती. माझी कानशिलं तापली. मी म्हणालो, "ठेव तिथं." त्यावरून कुणावर ओरडावं असंही काही नव्हतं, नाहीतर मी ओरडलो असतो. 'नाही'वर बोट ठेवून मी कितीतरी वेळ बसलो. अक्षर चांगलं आलं होतं, घाईतलं वाटत नव्हतं.

त्याच रविवारी मी मुखेडची एसटी धरली. वाटेत मी काय बोलायचं ते तीन प्रकारे जुळवलं, आणि तिन्हींत मी थोडा कमी दोषी निघत होतो. पोचलो तेव्हा मोठीमाय अंगणात लिंबाच्या सावलीत सुपात ज्वारी निवडत बसली होती. चुलते बाजेवर पडले होते. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि जुळवलेलं सगळं विसरलो.

"मोठीमाय, त्या दिवशी कालेजात तू खाल्लंस ना, त्या कागदात लसूण होता. मला ठावं होतं. मी मुद्दाम न्हाई सांगितलं."

तिचा हात थांबला नाही. खडा काढला, बाजूला टाकला.

"कळालं होतं मला," ती म्हणाली.

"कवा?"

"कवा म्हंजी? पहिल्याच घासाला. इतकी वरसं झाली सोडून. त्याचा वास मला न्हाई कळणार तर कुणाला कळंल?"

"मग थुंकली का न्हाईस?"

तिनं सूप मांडीवर टेकवलं आणि माझ्याकडं पाहिलं. "एवढ्या मान्सात थुंकू? तुहे सायेब बसलेले, ते शेठ बसलेले. पोराचं नाक कापू का मी?"

मला रडू आलं. चाळिशीतला माणूस मी, अंगणात बसून नाक पुसत होतो, आणि बाजेवरचे चुलते मुकाट्यानं कूस बदलून भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग करत होते. तेवढ्यात आई आतून चहा घेऊन आली. दोनच कप होते. एक तिनं माझ्यापुढं ठेवला, एक बाजेखाली चुलत्यांसाठी, आणि परत गेली.

मी माझा कप मोठीमायकडं सरकवला. "तू घे. पित्त राहू दे आज."

"पित्त कशाचं आलंय," ती म्हणाली. "मी सोडला च्या."

"का?"

"का म्हंजी? देवीला दिलेलं मोडलं मी. घास गिळला, तो काय परत निघतोय? तुह्या जिवावर ठिवलेलं होतं ते. मोडल्यावर दुसरं कायतरी द्यावं लागतंय की न्हाई? ते तसंच मोकळं कसं सोडावं? तिथंच नळावर तोंड धुतलं अन् तवाच देऊन टाकला."

मला एकेक आठवत गेलं. दिवाळीतला पाण्याचा तांब्या, देवळीतलं चूर्ण, कॅन्टीनमधला बाजूला सारलेला कप. दिवसाचे पाच चहा, ते सगळे माझ्यासाठी, आणि मी तिच्यावर करवादलो होतो. लसूण तिनं सोडला तेव्हा मी निदान तापात होतो. या वेळी मी धडधाकट, पांढरा कोट घालून तिच्या शेजारी उभा होतो.

"मग मीबी सोडतो," मी म्हणालो. "मी लसूण सोडतो आजपासून. तू च्या घे."

"येडा हायस का?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "तू कायबी सोडू नगंस. तू खावंस म्हणून तर मी सोडलं."

तिनं कप उचलला, तो थंड होत होता म्हणून बशीत ओतला, स्वतःसाठी ओतायची तसाच, काठोकाठ, आणि बशी माझ्या हातात दिली. तिची बोटं बशीच्या कडेला थोडी ओली झाली. ती तिनं पदराला पुसली. तोंडाला लावली नाहीत.

"पी गुमान," ती म्हणाली, आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

मी प्यायलो. तिला आवडायचा तसाच होता, भरपूर साखरेचा.